खिडक्या बुजवलेलं विमान

कुर्ल्याच्या जरीमरीत किंवा साकीनाक्याला राहणाऱ्यांना विमानांचं कौतुक उरलेलं नसतं. तरी रात्री सहारला उतरणारं एखादं विमान नीट पाहिलं तर खटकतं: याला खिडक्याच नाहीत. अगदी जवळून पाहायला मिळालं, तर खिडक्यांच्या जागी बसवलेल्या धातूच्या चकत्या रंगाखालीही ओळखू येतात. 'ब्लू डार्ट'ची बोइंग ७५७ विमानं अशीच. पूर्वी त्यांत माणसं बसायची, आता पार्सलं बसतात. 'इंडिगो'नेही २०२२ मध्ये प्रवासी एअरबस ए३२१ चं मालवाहू केलेलं विमान आणलं.

विमान म्हातारं होतं ते वर्षांपेक्षा फेऱ्यांनी. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरतात आणि उतरताना सोडतात. पत्रा दर वेळी किंचित ताणतो, सैलावतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तोच प्रकार. १९८८ मध्ये हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छप्पर भर आकाशात उडालं, तेव्हा ते विमान १९ वर्षांचं होतं, पण बेटाबेटांमधल्या आखूड उड्डाणांचा आकडा ८९ हजारांवर गेला होता. भरीला समुद्राची खारी हवा. याउलट मुंबई–न्यूयॉर्कसारखा पंधरा-सोळा तासांचा प्रवास हिशेबात एकच फेरी. त्यामुळे लांब पल्ल्याच्या विमानाचं वय झालं तरी अंगात बळ शिल्लक असू शकतं.

मग प्रवासी कंपन्या ते का विकतात? कारण ते इंधन जास्त खातं. रोज दहा-बारा तास उडायचं तर हे परवडत नाही. कुरिअरचं विमान मात्र बहुधा रात्रीचे काही तासच उडतं. विमान स्वस्तात मिळालेलं असलं की थोडं जास्त इंधन सोसता येतं. सगळा धंदा या गणितावर उभा आहे.

प्रवासी विमान मालवाहू करताना खुर्च्या, पँट्री, संडास काढणं सोपं. कसोटी लागते ती दाराशी. डाव्या बाजूला, पंखाच्या पुढे, पूर्ण कंटेनर आत जाईल एवढं भोक पाडायचं. दाबाचा ताण पेलणारा पत्रा आणि आतल्या कड्याच तिथे कापल्या जातात, म्हणून भोकाभोवती दणकट चौकट बसवून तो ताण वळवावा लागतो. केबिनच्या फरशीखालच्या तुळया मजबूत करतात, वर रोलर बसवतात. वैमानिकांच्या पाठीमागे जाड अडसर येतो. विमान आपटून थांबलं, तर नऊपट वजनाने पुढे झेपावणारा माल त्याने अडवायचा असतो. असं बदललेलं बोइंग ७३७-८०० साधारण २४ टन माल नेतं.

इंजिन बदलणं हे त्याहून अवघड. १९८० च्या दशकात गोंगाटाचे नियम कडक झाले, तेव्हा डग्लस कंपनीच्या ११० जुन्या डीसी-८ विमानांची इंजिनं उतरवून कमी आवाजाची, जाड सीएफएम५६ इंजिनं बसवली. डीसी-८ उंच पायांचं, म्हणून पंखाखाली जाड इंजिन मावलं. 'यूपीएस' या अमेरिकी कुरिअर कंपनीने अशी विमानं २००९ पर्यंत चालवली, तर 'नासा'ची उडती प्रयोगशाळा झालेलं १९६९ चं डीसी-८ थेट २०२४ मध्ये निवृत्त झालं! बोइंग ७२७ चं नशीब तसं नव्हतं. त्याचं तिसरं इंजिन शेपटीत, वाकड्या नळीच्या टोकाला; तिथे जाड इंजिन मावणं कठीण. काही विमानांत मग बाजूची दोनच बदलली.

आज गणित उलटं फिरलंय. जुन्या सांगाड्यापेक्षा त्याच्या इंजिनांना आणि सुट्या भागांना जास्त भाव येतो, त्यामुळे चांगली उडणारी विमानंही मोडीत निघतात. एअर इंडियाचं ७४७-४०० जातीचं शेवटचं विमान २२ एप्रिल २०२४ ला मुंबईहून निघालं, ते अमेरिकेत सुटे भाग होण्यासाठी. एअर इंडियाच्या एअरबस ए३१०-३०० विमानांना सीएफ६-८०सी२ जातीची इंजिनं असायची. त्याच जातीच्या निवृत्त इंजिनांचा गाभा वापरून अमेरिकेत आता वीज बनवणारी टर्बाइन तयार होतात. प्रत्येकी ४० मेगावॅटहून जास्त वीज देणाऱ्या या टर्बाइनची गिऱ्हाइकं आहेत डेटा सेंटरवाले.