त्याच दारात पुन्हा पुन्हा

समजा, एका गावात शंभर घरं आहेत. त्यातली पन्नास गरीब. वीस वर्षांनी मोजलं तरी गरीब घरं पन्नासच. मग गावात काहीच बदललं नाही, असं म्हणायचं का? कदाचित आधीची पंचवीस घरं सावरली असतील आणि दुसरी पंचवीस बुडाली असतील. एकूण आकड्यात ही उलथापालथ दिसत नाही. त्यासाठी त्याच घराच्या ओट्यावर पुन्हा जाऊन बसावं लागतं.

उत्तर प्रदेशात मुरादाबाद जिल्ह्यात चंदौसीजवळ पालनपूर नावाचं गाव आहे (गुजरातेतलं ते वेगळं). १९५७-५८ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या कृषी-अर्थशास्त्र संशोधन केंद्राने तिथे पहिली पाहणी केली. तेव्हा गावची लोकसंख्या होती ५२८. पाच वर्षांनी केंद्राचे लोक पुन्हा तिथे गेले. १९७४-७५ मध्ये क्रिस्टोफर ब्लिस आणि निकोलस स्टर्न हे अर्थशास्त्रज्ञ तिथे जाऊन राहिले, १९८३-८४ मध्ये ज्याँ द्रेझ आणि नरेश शर्मा. ही मालिका २००८ नंतरही चालू राहिली. प्रत्येक वेळी निवडक घरं नव्हे, तर अख्खं गाव मोजलं गेलं.

त्यातून जे दिसलं ते एका भेटीत कधीच दिसलं नसतं. रहाटांच्या जागी पंप आले, गव्हाचं नवं बियाणं आलं. मुराव या शेतकरी जातीने शेतीच्या बळावर ठाकुरांच्या तोडीची सुबत्ता मिळवली. पुढे लोक कामासाठी चंदौसी-मुरादाबादकडे जाऊ लागले आणि शेतीबाहेरची कमाई वाढत गेली. बटाईची, म्हणजे पिकाच्या वाट्यावर जमीन कसायला देण्याची, पद्धत मात्र टिकून राहिली. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट, कारण शेती आधुनिक झाली की बटाई आपोआप मागे पडेल, असं आपण सहज गृहीत धरतो.

पहिल्या पाहणीच्या वेळी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. संशोधक बदलतात, निवृत्त होतात. मागे उरतात ते तक्ते, आणि ते सांभाळायला संस्था लागते. १९५४ पासून केंद्रीय कृषी मंत्रालयाने अशी केंद्रं विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना जोडून उभी केली, ती यासाठीच मोलाची. पुण्याचं केंद्र गोखले अर्थशास्त्र संस्थेत आलं. ती संस्था १९३० ची, साताऱ्याच्या रावबहादूर काळे यांच्या देणगीतून उभी राहिलेली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी तिथे प्रत्यक्ष पाहणीची शिस्त रुजवली.

पुण्याजवळ गावपाहणीची सुरुवात त्याही आधी झाली होती. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या कागदांवरून त्यांनी दाखवलं की १७७१ मध्ये सरासरी जमीनधारणा ४० एकरांची होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती. त्यातले ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते, तर ११२ पाव एकराहूनही.

आज पिंपळे सौदागरला गेलं तर बांध दिसत नाहीत. सोसायट्यांच्या उंच इमारती, दुकानं, रुंद रस्ते दिसतात. खाली कुणाचं वावर होतं आणि ते किती वाटण्यांनी चिरत गेलं, हे मान यांच्या तक्त्यांत आजही वाचता येतं.