चप्पल हुंगवल्यानं फीट थांबत नाही

यवतमाळकडच्या आमच्या खेड्यांत मिरगीची फीट आली की कोणीतरी चप्पल नाहीतर कांदा नाकाशी धरतं. मिनिट-दोन मिनिटांत झटके थांबतात आणि लोक म्हणतात, "पाहा, वासानं उतरली!" खरं कारण वेगळंच आहे. बहुतेक फीट एक ते तीन मिनिटांत आपोआपच थांबते. मेंदूतल्या विजेच्या उसळीपर्यंत चपलेचा वास पोचतच नाही, आणि या धांदलीत माणसाला कुशीवर वळवायचं राहून जातं.

हाच समज आता फीट ओळखणाऱ्या मनगटी यंत्राला चिकटलाय: ते बांधलं की रात्री फीट येत नाही म्हणे. तसं नाही. यंत्र फक्त हाक मारतं. हाताची लयबद्ध थरथर आणि घामामुळे त्वचेत होणारा विद्युत बदल टिपून ते जवळच्या फोनमार्फत घरच्यांना जागं करतं. एम्पॅटिका कंपनीच्या 'एम्ब्रेस' या अशाच घड्याळाला अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली, तीही अंगभर झटके येणाऱ्या फीटसाठी. नुसती नजर हरवणारी फीट त्याच्या हाती सहसा लागत नाही. कधी कूस बदलली तरी ते खोटं वाजतं. आणि रात्री फोनला रेंज नसेल तर हाक पोचणार कशी?

तरी मला त्याचं मोल वाटतं, कारण मिरगीतले अचानक मृत्यू बरेचदा झोपेत, पालथ्या अवस्थेत, कोणी जवळ नसताना होतात. जाग आली की कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, फीट किती वेळ चालते ते घड्याळात पाहा. पाच मिनिटं उलटली तर १०८. रोजची गोळी मात्र चुकवायची नाही, यंत्र असलं तरी.