व्हॅक्सिन डेपो ते निपाणीची वखार: दमा-अ‍ॅलर्जीच्या संशोधनाची पार्श्वभूमी

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. झाडी दाट, रहदारी नाही. छातीभर हवा घ्यायला बेळगावात याहून बरी जागा शोधावी लागेल. तरी कोणाला तिथेच शिंका सुटतात, कोणी दोन फेऱ्या मारून बाकावर टेकतो आणि खिशातून दम्याचा पंप काढतो. या आवारात एकेकाळी देवीची लस तयार होत असे, म्हणून हे नाव. गंमत अशी की ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द ज्या निरीक्षणातून जन्मला, त्यातही देवीच्या लशीचा वाटा होता.

व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के घोड्याचं सीरम (रक्तातला पातळ भाग) औषध म्हणून टोचलेल्या मुलांवर लक्ष ठेवून होते. पहिल्यांदा टोचलं की अंग सुजायला, ताप भरायला आठ-दहा दिवस जात. त्याच मुलाला काही काळाने पुन्हा टोचलं, तर हाच प्रकार कितीतरी लवकर आणि जोरात होई. देवीची लस दुसऱ्यांदा घेणाऱ्यांतही त्यांना तेच दिसलं. म्हणजे शरीर पहिली भेट लक्षात ठेवतं आणि दुसऱ्या भेटीत निराळं वागतं. या निराळ्या वागण्याला १९०६ मध्ये पिर्के यांनी ग्रीक शब्द जोडून नाव दिलं: अ‍ॅलर्जी. आता वांग्यापासून साहेबापर्यंत कशाचीही अ‍ॅलर्जी होते, तो भाग वेगळा.

दमा मात्र या शब्दाहून फार जुना. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातला ‘तमक श्वास’ म्हणजे आपला दमा. आडवं पडलं की जीव घुसमटतो, उठून बसलं की बरं वाटतं. ढग, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा आला की त्रास वाढतो. आषाढातल्या बेळगावात ज्याने दमेकऱ्याची रात्र पाहिली आहे, त्याला हे वर्णन कोणी समजावून सांगायला नको.

जुन्या औषधांपैकी एकाचा प्रवास तर दक्षिण हिंदुस्थानातूनच सुरू झाला. इथे दम्यावर धोत्रा ओढायची पद्धत होती. मद्रासमधले कंपनीचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांना ती माहीत होती आणि १८०२ मध्ये जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्याने ती विलायतेत पोहोचवली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं धोत्र्याच्या जातीच्या पानांच्या ‘दम्याच्या सिगारेटी’ युरोपात विकल्या जात होत्या. त्या पानांतलं अ‍ॅट्रोपीन श्वासनळ्यांचे आवळलेले स्नायू सैल करतं. त्याच घराण्यातलं, पण सुधारलेलं इप्राट्रोपियम आज नेब्युलायझरच्या वाफेत घालतात. खानापूरच्या रस्त्याकडेला धोत्रा अजून उगवतो. त्याच्या वाटेला मात्र कोणी जाऊ नये. औषध आणि विष यांत तिथे चिमटीएवढंच अंतर आहे.

अ‍ॅलर्जीत शरीर नेमकं काय करतं, हे कळायला पिर्के यांच्यानंतर साठ वर्षं गेली. मधला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. हाइन्झ क्यूस्टनर या जर्मन डॉक्टरला शिजवलेले मासे चालत नसत. १९२१ साली त्यांचं थोडं सीरम त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झना माशांचा काहीच त्रास नव्हता, तरी तिथे गांधी उठली. म्हणजे त्रास देणारं जे काही होतं, ते रक्तात होतं आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होतं. ते काय, हे १९६६-६७ च्या सुमारास उलगडलं: अमेरिकेत इशिझाका पती-पत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांनी स्वतंत्रपणे आयजीई हे प्रतिद्रव्य शोधलं. आज लॅबच्या रिपोर्टवर ‘टोटल आयजीई’ लिहून येतं, ते हेच.

याच काळात हॉलंडमधल्या लायडनला फोरहोर्स्ट आणि त्यांचे सहकारी घरातल्या धुळीच्या मागे लागले होते. धुळीत असं काय आहे की माणसाला धाप लागावी? १९६४ मध्ये त्यांनी उत्तर दिलं: डोळ्यांना न दिसणारा, कोळी किड्याच्या कुळातला एक जीव, धुळीतला माइट. तो आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीवर जगतो आणि त्याची विष्ठा श्वासात गेली की दमा उसळतो. त्याला पाणी प्यावं लागत नाही, हवेतली ओल पुरते. आता खानापूर तालुक्यातलं कणकुंबीकडचं घर डोळ्यांपुढे आणा. जूनपासून भिंतींना ओल, माळ्यावर बुरशीचा वास आणि चार पदरी वाकळ, जी दिवाळीशिवाय उन्हाचं तोंड बघत नाही. मृगाच्या आधी सगळ्या वाकळा ओढ्यावर नेऊन आपटून धुवायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या, ही रीत आपल्या बायकांनी लायडनला विचारून सुरू केलेली नाही. आता घरोघरी फोमच्या गाद्या आल्या. त्या ओढ्यावर कोण नेणार?

बेळगावला ‘गरिबांचं महाबळेश्वर’ म्हणायची पद्धत आहे. हवा चांगली, हे इथल्या माणसाला इतक्यांदा ऐकायला मिळतं की हवेत काही वाईट असेल, हे त्याच्या मनालाच येत नाही. त्या हवेत गेल्या पन्नास-साठ वर्षांत एक नवी गोष्ट मिसळली, ती म्हणजे काँग्रेस गवत. कानडीत काँग्रेस कळे, काहीजण गाजर गवत म्हणतात. मूळ मध्य अमेरिकेकडचं. आपल्याकडे त्याची नोंद १९५५ मध्ये पुण्यात झाली आणि मग ते रस्ते, रेल्वे आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या धरून पसरत गेलं. अमेरिकेच्या पी. एल. ४८० या धान्य-मदत योजनेच्या गव्हाबरोबर ते आलं आणि तेव्हा राज्य काँग्रेसचं होतं म्हणून हे नाव, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. गोष्ट रंगतदार आहे, पण गव्हाचा तो करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे पुण्यातल्या नोंदीच्या नंतर. गांधी टोपीसारखी पांढरी फुलं म्हणून हे नाव, असं म्हणणारेही आहेत. मला ते जास्त पटतं.

या गवताने दोन तऱ्हेचा त्रास होतो आणि दोन्हींची जात वेगळी आहे. एक कातडीचा: पापण्या सुजतात, मान, कोपराची आतली बाजू काळी-जाड होते, खाज थांबत नाही. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर १९७४ मध्ये यावर लिहिलं. दोष गवतातल्या पार्थेनिन या द्रव्याचा. ही अ‍ॅलर्जी पेशींमार्फत, सावकाश होते, आयजीईचा त्यात मुख्य हात नाही. दुसरा त्रास परागांचा: शिंका, नाक गळणं, डोळे लाल आणि काहींना पुढे दमा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी यावर बरीच वर्षं काम केलं आणि १९९१ मध्ये मांडलं की बंगळूरच्या सुमारे ७ टक्के लोकांना या परागांमुळे नाकाचा त्रास होतो. हा आकडा बंगळूरचा, बेळगावचा नाही, हे लक्षात ठेवायचं. पण पावसाळ्यात रेल्वेमार्गाच्या कडेने चालत गेलात तर कमरेएवढं उभं असलेलं गवत दोन्हीकडे सारखंच दिसेल.

ते हटवायला १९८३ मध्ये मेक्सिकोहून एक भुंगेरा बंगळूरला आणला, आणि तो दुसऱ्या वर्षी रानात सोडला. झायगोग्रामा त्याचं नाव; हा पानं खाऊन झाड बोडकं करतो. पावसाळ्यात काम चोख, उन्हाळ्यात मात्र तो जमिनीत दडी मारतो. गवताचं एकेक झाड हजारोंनी बी टाकतं, तेव्हा ही शर्यत कोण जिंकतंय ते दिसतच आहे. आणि आपण ते उपटतो तेही बहुतेक फुलं आल्यावर, उघड्या हाताने.

काँग्रेस गवतावर निदान अभ्यास तरी झाला. निपाणीच्या धुळीचं तसं नाही.

आमची निपाणीची आक्का पंचवीसेक वर्षं तंबाखूच्या वखारीत होती. काम म्हणजे पाला कुटायचा, चाळायचा, पोती भरायची. तोंडाला पदर बांधलेला, पापण्यांवर पिवळट धूळ. खकाणा असा उडायचा की बाहेरून नुसतं दारात उभं राहिलं तरी ठसका लागायचा. संध्याकाळी ती घरी आली की आधी तिचा वास घरात यायचा. चाळिशीनंतर तिला रात्री आडवं पडता येईना. गुडघ्यांवर उशी, उशीवर डोकं, अशी ती बसून झोपे. “छातीत मांजर बसलंय गं,” म्हणायची. तिला नेलेल्या दवाखान्यात विचारलं गेलं ते वय, नाव आणि बिडी ओढता का. पोटासाठी काय करता, हे कोणी विचारलं नाही.

हा प्रश्न डॉक्टरने विचारलाच पाहिजे, असं १७०० साली एका इटालियन वैद्याने लिहून ठेवलं आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी. कामगारांच्या रोगांवरच्या त्यांच्या ग्रंथात धान्य चाळणाऱ्यांवर प्रकरण आहे आणि तंबाखूच्या कामगारांवरही आहे: डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, सारख्या शिंका. तीनशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन आक्काच्या वखारीलाही लागू पडलं असतं.

निपाणी बातम्यांत आली ती वेगळ्या कारणांनी. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. त्याच सुमारास वखारीतल्या बायकाही संघटित होत होत्या. युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. मजुरी, कामाचे तास, मुकादमाची वागणूक यांवर त्या बायका स्वतः बोलल्या. भावासाठी लढा झाला, मजुरीसाठी झाला. फुप्फुसासाठी लढा होत नाही, कारण ते एका दिवसात बिघडत नाही.

चिकोडी, हुक्केरी, अथणीकडे ऊस आहे, म्हणून कारखान्यांच्या चिपाडाचे डोंगर आहेत. ओलसर, बुरशी धरलेलं चिपाड हलवताना उडणाऱ्या धुळीने होणाऱ्या रोगाला बॅगॅसोसिस म्हणतात. हा दमा नव्हे, फुप्फुसाच्या आतल्या भागाची अ‍ॅलर्जी. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. विश्वनाथन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये त्यावर निबंध छापला होता.

देशभरात दमा किती, याचं मोठं सर्वेक्षण २०१२ मध्ये छापलं गेलं. डॉ. जिंदल यांच्या पुढाकाराने १२ केंद्रांवर १,६९,५७५ प्रौढांना प्रश्न विचारले. दम्याचं प्रमाण २.०५ टक्के निघालं. त्या केंद्रांत बेळगाव नव्हतं. त्याआधी बंगळूरचे डॉ. परमेश यांनी आपल्या रुग्णालयात येणाऱ्या मुलांत दम्याचं प्रमाण १९७९ मध्ये ९ टक्के होतं ते १९९९ मध्ये २९.५ टक्क्यांवर गेल्याचं दाखवलं. हा आकडा रुग्णालयात आलेल्या मुलांचा आहे, सगळ्या शहराचा नव्हे. तरी चढण खरी आहे.

उपचारांकडे यायचं तर पंपाचं श्रेय एका तेरा वर्षांच्या मुलीला जातं. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या लेकीला दमा होता. काचेच्या उपकरणाचा रबरी फुगा दाबून औषध ओढायचा तिला वैताग आला होता. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारख्या डब्यात औषध का भरत नाहीत, असं तिने विचारलं आणि १९५६ मध्ये पहिला पंप बाजारात आला. पण सुरुवातीच्या पंपांत नळी तात्पुरती उघडणारंच औषध होतं. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अशा जहाल पंपांवर विसंबलेले तरुण रुग्ण मोठ्या संख्येने दगावले. दम्याचं मूळ नळीच्या सुजेत आहे, हे पटत गेलं तसा १९७२ मध्ये सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप आला. एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची ५ मिलीग्रॅमची एक गोळी म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम. तरी आपल्याकडे गोळी बिनधास्त घेतली जाते आणि पंपाला माणूस घाबरतो. २०१९ मध्ये तर ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक गटाने साफ सांगितलं की नुसत्या झटपट आराम देणाऱ्या पंपावर दमेकऱ्याला ठेवू नका.

आक्काला असा स्टेरॉइडचा पंप कोणीतरी लिहून दिला. तिने आधी दोनदा मृगाला हैदराबादेत जाऊन दम्यावरचा मासा गिळला होता, कोजागरीच्या चांदण्यातली औषधाची खीरही झाली होती. पंप तिने देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला. “रोज नको, सवय लागंल,” म्हणायची, आणि फारच उबळ आली तर एकदा दाबायची. त्या डब्यात २०० फवारे असतात. रोज दोन घेतले तर शंभर दिवस पुरतात. तिला तो दोन वर्षं पुरला.