फैजपूरचा ठराव आणि नेहरूंची ‘युद्धाची भीती’

जळगाव जिल्ह्यातल्या आपल्या यावल-रावेर भागातल्या ग्रुपवर एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतोय: ‘फैजपूर काँग्रेसमध्ये नेहरूंनी युद्धाला विरोध केला, लढाईचं त्यांना वावडंच होतं.’ हे साफ चुकीचं आहे. आपल्याच गावच्या इतिहासाची अशी मोडतोड पाहून मनापासून वाईट वाटतं.

डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि चटयांतून अधिवेशनाची जागा, टिळकनगर, उभी केली होती. अध्यक्ष होते नेहरू. युद्धाबाबतचा ठराव तिथे झाला, हे खरं. पण विरोध कशाला होता? ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धात हिंदुस्थानची माणसं आणि पैसा जुंपण्याला. नेमका हाच शब्द, ‘साम्राज्यवादी’, मजकुरातून गाळला जातो आणि अर्थच उलटा होतो.

तिथल्या अध्यक्षीय भाषणात नेहरू फॅसिझमविरुद्ध आणि यादवी युद्धात सापडलेल्या स्पेनच्या लोकशाहीच्या बाजूने बोलले. 1936 मध्येच त्यांनी इटलीचा फॅसिस्ट हुकूमशहा मुसोलिनीची भेट नाकारली होती. 1938 मध्ये तर बाँब पडत असलेल्या स्पेनमधल्या बार्सिलोनात ते स्वतः जाऊन आले. 1939 मध्येही काँग्रेस कार्यकारिणीने नाझी आक्रमणाचा निषेधच केला. मागणी एवढीच, की ब्रिटनने युद्धाचा हेतू आणि भारताचं स्वातंत्र्य यावर स्पष्ट बोलावं.

पंतप्रधान झाल्यावर काश्मीर, हैदराबाद, गोवा, तिन्ही ठिकाणी त्यांच्याच सरकारने लष्कर पाठवलं. 1962 च्या चीन युद्धाच्या तयारीबद्दल त्यांच्यावर कडक टीका करता येते, करावीही. मात्र तिचा पुरावा फैजपूरच्या ठरावात सापडत नाही.