पानावरचा आडवा हात

होळीला भांग प्यायलेल्या माणसाला जेवताना पाहिलंय? पोट भरल्याचं त्याला कळतच नाही. जिलबी संपते, मग पुऱ्या, मग पुन्हा जिलबी. घरची मंडळी हसून लोटपोट होतात. औषधं शोधणाऱ्यांना मात्र यात एक गणित दिसलं. भांगेतलं रसायन मेंदूतल्या एका कुलपात बसून भूक चाळवतं, तर ते कुलूपच बुजवून टाकलं तर? भूक मंदावेल, वजन उतरेल. तर्कात खोट नव्हती. गोळी तयार झाली, लोकांची वजनंही उतरली. पण ती घेणाऱ्यांपैकी काही जण असे खचले, की अडीच वर्षांच्या आतच ती गुंडाळावी लागली.

त्या कुलपाची गोष्ट इस्राएलमध्ये सुरू होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला राफाएल मेखूलाम या तरुण रसायनशास्त्रज्ञाने पोलिसांकडून पाच किलो चरस मिळवला आणि तो पिशवीत घालून बसने प्रयोगशाळेत आणला. बसमधले लोक वास कसला येतोय म्हणून विचारत होते, असं तो पुढे सांगायचा. त्याच मालातून १९६४ मध्ये त्याने आणि येहिएल गाओनीने टीएचसी हे नशा आणणारं रसायन शुद्ध रूपात वेगळं केलं. ते शरीरात नेमकं कुठे जाऊन बसतं, हे कळायला आणखी चोवीस वर्षं लागली. १९८८ मध्ये अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी उंदरांच्या मेंदूत त्याचा रिसेप्टर, म्हणजे ग्राही, असल्याचा पुरावा दिला. त्याला आज सीबी-१ म्हणतात.

आता प्रश्न असा, की एका झाडाच्या रसासाठी आपल्या डोक्यात कुलूप कशाला? शरीराची स्वतःची किल्ली असणारच. ती १९९२ मध्ये डुकराच्या मेंदूत सापडली. शोधणाऱ्यांत डिव्हेन होता, लुमिर हानुश होता आणि मेखूलामही. तिचं नाव त्यांनी संस्कृतातून घेतलं: आनंदामाइड. आपल्याला हे नाव वाचून बरं वाटतं, पण माझ्या मते त्याने थोडा घोळही घातला. रेणूला भावनेचं नाव दिलं, की तो रेणू म्हणजेच ती भावना असं वाटायला लागतं.

हे रेणू करतात काय, हे समजायला पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी म्हणजे संदेश पाठवणारी चेतापेशी, पानावर बसलेला म्हणजे संदेश घेणारी. दोघांमध्ये फट आहे, मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी. वाढपी रसायन वाढतो, समोरचा घेतो. मेंदूतली बहुतेक वाहतूक अशी एकाच दिशेने चालते. पण वाढणं फार झालं, की जेवणारा काय करतो? पानावर आडवा हात धरतो. आनंदामाइड आणि त्याचा भाऊ २-एजी हे तो आडवा हात आहेत. घेणारी पेशी आपल्याच पापुद्र्यातल्या चरबीपासून ते ऐनवेळी बनवते, ते उलट्या पावली फट ओलांडतात आणि वाढप्याच्या अंगावरच्या सीबी-१ वर जाऊन बसतात. वाढपी हात आखडता घेतो. हे उलट्या दिशेचं संदेशवहन २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं.

सीबी-१ मेंदूत भरपूर आहे: आठवणींच्या भागात, हालचालींच्या भागात, भीतीच्या केंद्रात. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात मात्र तो विरळ आहे. म्हणून अफूच्या अतिमात्रेने श्वास थांबतो, तसा गांजाने थांबत नाही. यावरून गांजा निरुपद्रवी ठरत नाही, एवढं जाता जाता सांगून ठेवतो.

आता त्या गोळीकडे. तिचं नाव रिमोनाबांट. युरोपात २००६ मध्ये लठ्ठपणासाठी तिला परवानगी मिळाली. एका मोठ्या चाचणीत वर्षभर वीस मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं वजन सरासरी ६.६ किलो उतरलं, खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणाऱ्यांचं १.८. गोळी कुलूप नुसतं बुजवत नव्हती, ते उलटही फिरवत होती. पंगतीच्या भाषेत, सगळ्या वाढप्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. भुकेच्या पंगतीतल्याच नव्हे, भीतीच्या आणि ताणाच्याही. कोणी कितीही हात आडवे धरले तरी वाढणं थांबेना. चार चाचण्यांतल्या ४,१०५ जणांची माहिती २००७ मध्ये एकत्र तपासली, तेव्हा खिन्नतेमुळे औषध सोडणाऱ्यांचं प्रमाण खोट्या गोळीच्या अडीच पट निघालं. बरं, मनाने आधीच खचलेल्यांना या चाचण्यांतून वगळलेलं होतं. औषधाच्या दुकानात असं वगळणारं कोणी बसलेलं नसतं. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने त्याच वर्षी एकमताने नकार दिला, युरोपने २००८ च्या ऑक्टोबरमध्ये विक्री थांबवायला सांगितलं. भारतातही काही कंपन्या हे औषध विकत होत्या. इथे २००९ मध्ये बंदी आली.

नैराश्यावरची जी औषधं आपल्या ओळखीची आहेत, ती मेंदूशी वेगळ्या ठिकाणी वागतात. सेरोटोनिन हेही वाढप्याने पानात वाढायचं एक रसायन. ते वाढून झालं, की उरलेलं वाढपी स्वतःच परत उचलतो आणि पातेल्यात घालतो. आपल्याकडे उष्टं परत पातेल्यात टाकायची सोय नाही. मेंदू मात्र निःसंकोच टाकतो. हे उचलण्याचं काम करणारं प्रथिन म्हणजे सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर, ऊर्फ सर्ट. त्याची रचना दोन दारांच्या खोलीसारखी आहे. बाहेरचं दार उघडं असताना सेरोटोनिन आत येतं, सोबत सोडियम आणि क्लोराइड. मग ते दार लागतं, आतलं उघडतं. दोन्ही एकदम कधीच उघडत नाहीत. फ्लुओक्सेटिनच्या जातीची औषधं बाहेरच्या दारात पाचर बनून बसतात. पॅरोक्सेटिन आणि एससिटालोप्राम त्या दारात कसं अडकतं, याचं चित्र २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एरिक गूऑ यांच्या गटाने अणूंच्या पातळीवर टिपलं.

इथे एक कोडं आहे. सर्ट काही तासांत अडतं, पण रुग्णाला बरं वाटायला आठवडे जातात. म्हणजे सेरोटोनिन कमी पडलं म्हणून उदासी आणि भरलं की ती गेली, इतका सोपा हिशेब नाही. जास्तीचं सेरोटोनिन आधी वाढप्यालाच ‘हळू’ म्हणून दटावतं. त्या दटावणीला तो सरावेपर्यंत मधले दिवस जातात, असं एक स्पष्टीकरण आहे. मधल्या काळात पेशींच्या जोडण्याही बदलत असाव्यात.

तरी सर्टचा धडा मोहात पाडणारा होता. रिसेप्टरला हात न लावता शरीराचंच रसायन थोडा जास्त वेळ टिकू द्यायचं. मग हेच आनंदामाइडच्या बाबतीत का करू नये? त्याला मोडणारं एन्झाइम फा नावाचं. ते अडवल्यावर उंदरांच्या मेंदूतल्या सेरोटोनिन पेशी जोमाने संदेश देऊ लागल्या, असं २००५ मध्ये दिसलं. दोन वेगळी वाटणारी दुकानं आतून जोडलेली निघाली. माणसांत मात्र निराशा आली. फा अडवणारं एक औषध गुडघेदुखीच्या रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा रक्तातलं आनंदामाइड भरपूर वाढलं, दुखणं तसंच राहिलं. २०१६ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या रेन शहरात असंच दुसरं औषध घेणाऱ्या निरोगी स्वयंसेवकांपैकी एकाचा मृत्यू झाला, इतर काही जण इस्पितळात गेले. ते औषध फाच्या जोडीने इतरही एन्झाइमांना धरत होतं, हे पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या तपासात दिसलं. फा अडवणाऱ्या बाकीच्या औषधांनी असा घात केलेला नव्हता.

सीबी-१ बुजवण्याचा नाद अजून सुटलेला नाही, आणि तो अगदीच चुकीचा आहे असंही मला वाटत नाही. हा रिसेप्टर यकृतात आणि चरबीतही असतो. तेव्हा मेंदूत फारसं शिरणार नाही असं औषध घडवलं, तर वजन उतरेल आणि मनही शाबूत राहील, अशी कल्पना. मोनलुनाबांट हे त्यातलं एक. २०२४ मध्ये त्याच्या चाचणीचे आकडे आले. दहा मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं वजन सोळा आठवड्यांत सरासरी ७.१ किलो कमी झालं, खोटी गोळी घेणाऱ्यांचं ०.७ किलो. त्याच अहवालात तक्रारींचीही नोंद होती. बहुतेक सौम्य ते मध्यम: चिंता, चिडचिड, झोप न लागणं. मात्रा वाढवली तशा त्याही वाढल्या. वजन मात्र मोठ्या मात्रांनी फारसं आणखी उतरलं नाही.