विजेवर मिटणारा टप (कन्व्हर्टिबल मोटार)

बटण दाबताच आपोआप उघडणारा व मिटणारा मोटारीचा टप. तो कापडी असतो किंवा पत्र्याचा. पत्र्याचा टप तुकड्यातुकड्यांनी दुमडून डिकीत जातो. जॉर्ज पोलाँ या फ्रेंच दंतवैद्याच्या कल्पनेवरून प्यूजोने १९३४ मध्ये विजेवर सरकणारा पत्र्याचा टप बाजारात आणला. अमेरिकेत प्लिमथने १९३९ मध्ये कापडी टपाला यांत्रिक शक्ती दिली, तर फोर्डच्या १९५७ च्या स्कायलायनरमध्ये पत्र्याच्या टपासाठी जवळपास १८५ मीटर वायर घातली होती. भारतात मिनी, बीएमडब्ल्यू झेड-४, मर्सिडीज अशा मोजक्या गाड्यांना हा टप मिळतो. नागपूरकरांच्या जास्त ओळखीचा आहे तो थारचा किंवा जुन्या जीपचा, हाताने काढायचा हूड. विजेच्या टपाची दुरुस्ती हे इथल्या गॅरेजचे रोजचे काम नाही आणि चुकीचे निदान खिशाला जड जाते.

बहुतेक गाड्यांत एक छोटी मोटर हायड्रॉलिक पंप फिरवते, तेल दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांत जाते आणि टप उचलला जातो. प्रत्येक टप्पा पूर्ण झाल्याची वर्दी मायक्रोस्विच (दाबाने चालणारे छोटे बटण) किंवा हॉल सेन्सर (चुंबकावर चालणारा) मॉड्यूलला, म्हणजे टप चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीला, देतो. वर्दी आली नाही की मॉड्यूल पुढचे पाऊल टाकत नाही. १९८९ च्या मर्सिडीज एसएलमध्ये १५ सिलिंडर, ११ व्हॉल्व्ह आणि १७ लिमिट स्विच (टप्पा पूर्ण झाल्याचे सांगणारे) होते. सतरापैकी एक गप्प बसला तरी टप तिथेच थांबणार.

टप हलला नाही की ‘पंप गेला’ असे पटकन सांगितले जाते आणि बऱ्याचदा तेच चुकते. हौसेची गाडी आठवडेच्या आठवडे शेडमध्ये उभी असते, बॅटरी उतरलेली असते. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. विद्युतदाब बराच खाली गेला असेल तर अनेक मॉड्यूल टपाला हातच लावू देत नाहीत. म्हणून आधी इंजिन चालू करून पाहावे. मग डिकीतला सामान अडवणारा पडदा पाहावा. तो जागेवर ओढलेला नसेल किंवा डिकीचे झाकण अर्धवट लागले असेल, तर टप उघडत नाही. हा बिघाड नव्हे, सुरक्षेची अट आहे.

यानंतर कान लावावा. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, रिले, बटण आणि अर्थिंग तपासायचे. रिले टिकटिकतो पण मोटर फिरत नाही, तेव्हा दोष बहुधा मोटरमध्ये किंवा तिच्या वायरिंगमध्ये असतो. मोटर घरघरते आणि टप ढिम्म, तर तेल कमी आहे, लॅच (टपाची कडी) अडकला आहे किंवा कोणीतरी पंपाचा बायपास स्क्रू (तेलाचा दाब सोडणारा) सैल ठेवला आहे. एक बाजू वर आणि दुसरी खाली दिसली तर लगेच थांबावे. जोर लावल्यास सांगाडाच वाकतो. मध्येच थांबणाऱ्या टपासाठी स्कॅनर (मॉड्यूलमधले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) लावून प्रत्येक स्विचची चालू स्थिती बघणे हाच सरळ मार्ग. तरीही स्कॅनरवर दिसणारा कोड हा निकाल नव्हे. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्याच एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले होते आणि हवामान खात्याने पुढे तो सेन्सरचा बिघाड असल्याचे सांगितले. टपाचा सेन्सरही असाच चुकीचा आकडा देऊ शकतो. पुष्कळदा तोही ठीक असतो आणि डिकीच्या बिजागरीपाशी सतत वाकून वायर आतून तुटलेली असते. वायरीवरची रबरी नळी सरकवून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही.

नागपुरात दोष उन्हाला दिला जातो, पण मोटरचा घात बहुधा पाणी करते. टपाच्या खोबणीतले पाणी बाहेर जायला बारीक निचरा-नळ्या असतात. उन्हाळाभर त्यांत कडुनिंबाचा पाला आणि धूळ साचते, नळ्या तुंबतात आणि जूनच्या पहिल्या दमदार सरीत पाणी आत तुंबून राहते. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या पिढीच्या झेड-४ मध्ये तर पंपाची मोटर नेमकी निचऱ्याच्या खोलगट जागेतच बसवली होती. नळी बुजली की मोटर पाण्यात. अनेक मालकांनी ती उचलून डिकीत बसवून घेतली. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपायच्या आत नळ्या साफ करणे हे टपाचे सर्वांत स्वस्त काम आहे. त्यासाठी मऊ प्लास्टिकची तार वापरावी. हवेचा जोराचा झोत मारल्यास नळी आतल्या आत निखळू शकते.

ऊन निर्दोष नाही. उष्णतेने सिलिंडरचे सील कडक होतात, चिरतात. जुन्या मर्सिडीजमध्ये समोरच्या काचेच्या वरच्या कडेतले सिलिंडर गळले की तेल थेट चालकाच्या अंगावर टपकते. लागोपाठ उघडझाप केल्यास पंपाची मोटर तापून स्वतःहून बंद पडते. अशा वेळी सावलीत थांबणे पुरते. कोळसा खाणी आणि टिप्परमुळे शहरात हायड्रॉलिक सिलिंडर जाणणारे फिटर आहेत आणि सील बदलण्याचे काम ते नीट करू शकतात. तेल मात्र जेसीबीचे भरू नये. काही जुन्या अमेरिकी गाड्यांत ब्रेक ऑइल, नंतरच्या अनेकांत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल), तर युरोपीय गाड्यांत बहुधा वेगळे कृत्रिम तेल असते. ब्रेक ऑइल आणि खनिज तेल एकत्र झाले की सील फुगतात आणि सगळी यंत्रणा उघडावी लागते.

टप उघडा अडकला आणि आभाळ भरून आले, तर पंपावरचा बायपास सैल करून तो दोघांनी दोन्ही बाजूंनी सारखा उचलून बंद करायचा. जागा आणि पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते. दाब सुटलेला टप एकदम खाली येतो, म्हणून आधार लावल्याशिवाय त्याखाली हात घालू नये.

कापडाचे काम निराळे. ओला टप मिटवून ठेवल्यास बुरशी धरते. प्रेशर वॉशरने धागे विसकटतात. शिवण उसवली तर रिक्षाचे हूड शिवणारा कारागीरही ती सांधू शकतो. चिकटवलेली मागची काच कापडापासून सुटली, तर ती शिवून बसत नाही. विंडशील्डला लावतात तो पॉलियुरेथेन गोंद लागतो आणि तो पूर्ण सुकेपर्यंत टप ताणून बंदच ठेवावा लागतो.