कॉन्फरन्स पेपर की जर्नल पेपर? आयटीत पीएचडी करणाऱ्यांसाठी

बऱ्याच शाखांत कॉन्फरन्स म्हणजे भेटीगाठी आणि जर्नल म्हणजे खरं काम, असा हिशेब असतो. आयटीत तो चालत नाही. प्रचंड डेटा अनेक संगणकांवर वाटून हाताळणारं गूगलचं मॅपरिड्यूस २००४ साली ओएसडीआय या कॉन्फरन्समध्ये मांडलं गेलं. आजच्या भाषा-मॉडेलांचा पाया असलेल्या ट्रान्सफॉर्मरचा पेपर २०१७ साली न्युरिप्स (तेव्हाचं नाव निप्स) या कॉन्फरन्समध्ये आला. खरा फरक पडतो तो पेपर कसा तपासला जातो यात.

कॉन्फरन्सला तारीख पाळावीच लागते. डेडलाइनपुढे ‘एओई’ (‘एनीव्हेअर ऑन अर्थ’, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख संपेपर्यंत) लिहिलेलं असेल, तर ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या १२ तास मागच्या घड्याळाने मोजायची. अनेक ठिकाणी आधी ॲबस्ट्रॅक्टची वेगळी डेडलाइन असते. ती हुकली की पूर्ण पेपर घेतच नाहीत. पानं मोजकी, साधारण ८ ते १०, संदर्भ वेगळे. नावं झाकून तपासणी असेल तर स्वतःच्या गिटहबची (कोड ठेवायच्या साइटची) लिंक, आभाराचा परिच्छेद आणि ‘आमच्या आधीच्या पेपरात’ असलं वाक्य ओळख उघडी पाडतं, आणि पेपर रिव्ह्यूअरकडे न जाताच परत येऊ शकतो. रिबटलला, म्हणजे रिव्ह्यूअरच्या आक्षेपांना उत्तर द्यायला, मिळतात जेमतेम काही दिवस. त्यात वाद घालत बसू नये. रिव्ह्यूअरने विचारलेला आकडा द्यावा. निकाल मात्र काही महिन्यांत हातात पडतो, आणि तो बहुतेक वेळा हो किंवा नाही एवढाच.

जर्नलला सहसा डेडलाइन नसते, म्हणूनच तिथे काम रेंगाळतं. पहिलं उत्तर यायलाच कित्येक महिने जातात; मग मेजर रिव्हिजन (मोठे बदल करून पेपर परत पाठवणं), पुन्हा तपासणी. वर्ष उलटलं तरी नवल नाही. इथे पेपर तारतं ते उत्तराचं पत्र: रिव्ह्यूअरचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवायचा, त्याखाली काय बदललं ते पान आणि ओळ क्रमांकासह. सूचना पटली नसेल तर बदल न करण्याचं कारण लिहायचं. अवघड मुद्दा गाळला, तर रिव्ह्यूअर नेमका तोच शोधतो.

एकच काम दोन्हीकडे नेता येतं, पण एकापाठोपाठ. एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणं हा सरळ नियमभंग आहे. कॉन्फरन्स पेपर वाढवून जर्नलला द्यायचा तर बऱ्याच ठिकाणी २५ ते ३० टक्के नवा मजकूर मागतात, आणि प्रस्तावना फुगवलेली त्यात धरत नाहीत. नवा डेटासेट, एकेक घटक काढून केलेले प्रयोग, चुकांचं विश्लेषण असं काहीतरी हवं. मूळ पेपरचा उल्लेख कव्हर लेटरमध्ये करा आणि संदर्भांतही द्या; लपवलात तर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो दिसणारच.

सगळ्यात जास्त फसगत ‘स्कोपस इंडेक्स्ड’, म्हणजे स्कोपस या संशोधन-सूचीत नोंद असलेलं, या शिक्क्यापायी होते. वेबसाइटवरचा लोगो पुरावा नव्हे. जर्नल असेल तर स्कोपसच्या सोर्स लिस्टमध्ये आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) टाकून पाहा, नोंद चालू आहे की थांबवली आहे तेही बघा. तिथे प्रकाशकाचं नाव पाहून त्याच्या मूळ साइटवर स्वतः जा, कारण खऱ्या जर्नलचाच आयएसएसएन लावून नकली साइट चालवणारेही आहेत. कॉन्फरन्स असेल तर मागच्या दोन-तीन वर्षांचे पेपर स्कोपसमध्ये खरोखर सापडतात का ते शोधा. यंदाचं आश्वासन मोजू नका.

आपल्या विद्यापीठाचा नियम पेपर लिहायला घेण्याआधीच वाचावा. त्यात ‘स्वीकृत’ आहे की ‘प्रकाशित’ हे नीट पाहा. स्वीकृतीचं पत्र आल्यावर डीओआय (प्रकाशित पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) मिळेपर्यंत कधीकधी महिने जातात, आणि थिसिस तेवढा काळ अडून राहतो.